लिव्हरमधली जुनी गाठ

कोपरखैरणे,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. राजेश्वरी,

तुला आणि इंद्रजितला आशीर्वाद. आम्ही दोघं मजेत आहोत. मार्केटात हरभऱ्याचा पाला आलाय. तुझ्या सासूनं काल भाजी केली, तुम्ही घरात असल्याच्या सवयीनं जास्तच केली, मग दोन्ही वेळा आम्हालाच खावी लागली. उरणला इंद्रजितची गोदामातली ड्यूटी कशी चाललीय?

माझ्या गाठीचं काय झालं, हे तू फोनवर दोनदा विचारलंस. दोन्ही वेळा "बरं आहे" म्हणून मी फोन तुझ्या सासूकडे दिला. आता नीट सांगतो.

वाशीच्या डॉक्टरबाईंनी पुन्हा सोनोग्राफी केली. पडदा माझ्याकडे वळवून म्हणाल्या, "आजोबा, ही जंताची गाठ. आत नितळ पाणी दिसलं तर ती जिवंत. मग गोळ्या, सुईनं पाणी काढणं, नाहीतर ऑपरेशन. तुमची आतून सुकलीय, वरून चुन्यासारखी कडक झालीय. मेलेली गाठ. हिला हात लावायचा नाही. वर्षातून एकदा तपासायचं, बस."

मला तिथंच हसू फुटलं. विचारलं, "कधीची असेल?"

"वीस-तीस वर्षांची तरी. जास्तही असेल. लहानपणी घरी मेंढरं होती?"

होती. माणदेशात आमची चाळीस मेंढरं. मेंढरू कापलं की फोड आलेलं काळीज मीच कुत्र्यांपुढं टाकायचो, त्यांनाच कुरवाळून तसाच भाकरीला बसायचो. जंत तिथूनच आले असणार, असं बाई म्हणाल्या.

आणि तुझी बुंदी तीन वर्षांची.

पहिले डॉक्टर "हे कुत्र्यापासून होतं" एवढंच म्हणाले होते. मी घरी येऊन तुला म्हणालो, "तुझ्या कुत्रीनं माझा जीव घेतला." तू ताटावरून उठलीस. आठवड्यात तुम्ही बुंदीला घेऊन उरणला गेलात.

हा रिपोर्ट येऊन तीन आठवडे झाले. मी दडवला. आनंद तर झाला होता, पण तो सांगायचा म्हणजे चूक कबूल करायची. काल तुझी सासू म्हणाली, "तुमी लिहिताय का मीच जाऊन सांगू पोरीला?"

बुंदीला वेळच्या वेळी जंताची गोळी द्या, असं बाईंनी सांगितलंय. तू देतेसच, मला ठाऊक आहे. तिला घेऊन ये. राहायलाच या, असं म्हणत नाही. ते तुम्ही ठरवा.

हे पत्र इंद्रजितला आधी दाखवू नकोस. माफी तुझी मागतोय.

तुझे मामंजी,
बाबासो