चिखलाचा डबा

घाटकोपर, मंगळवार, २२ ऑक्टोबर १९८५

बाबांनी आज होडीतून जाऊन माझ्यासाठी खाडीतला चिखल आणला. डब्याचं झाकण अर्धं उघडं.

"लावलं असतं तर गुदमरला असता ना गं!" म्हणाले.

चिखलातले जिवाणू हवा नसली की नायट्रेटवर जगतात आणि नायट्रस ऑक्साइड सोडतात. तोच मोजायचा होता. हवा लागली, नमुना गेला. झाकण घट्ट लावा, हे सांगायला मीच विसरले. दुसरा मिळणार नाही. उद्या तिथे भराव पडतोय.

नमुना गेला, हे बाबांना सांगायला हवं होतं का? लहानपणी याच डब्यातून ते जिवंत चिंबोऱ्या आणायचे, खेकड्यांना हवा मिळावी म्हणून झाकण असंच. आतली खरखर ऐकत मी शेजारी बसायचे.

वहीत 'नमुना बाद' लिहिलं. झाकण मात्र अजून लावलेलं नाही.