दुसऱ्या हाऊसिंगची स्लीव्ह

४ नोव्हेंबर
आजपासून रोज लिहिणार. थोडं, पण रोज.

काजितानी उस्तादांनी माझ्या टेबलावर दोन हाऊसिंग, म्हणजे इंजिनाची धातूची कवचं, ठेवली. ओरिता डॉक्टरांच्या गाडीची, रोटरी इंजिन. धूर बाहेर पडतो त्या तोंडात पोलादी स्लीव्ह असते, शर्टाच्या बाहीसारखी. दोन्ही तडकल्यात. जुन्या काढायच्या, नव्या बसवायच्या. उस्ताद म्हणाले, एकट्याने कर. आणि चहाला गेले.

एकट्याने. शाळा सोडून या गॅरेजात आलो त्याला दीड वर्ष झालं, पहिल्यांदाच. महिनाअखेर ते ठरवणार, मला कायम ठेवायचं की नाही. म्हणजे ठरलंच.

७ नोव्हेंबर
दोन दिवस लिहिलं नाही. काम फार.

स्लीव्हला अडकवणारी आडवी पिन निघत नाही. हातोडी घेतली तर उस्ताद लांबून ओरडले, हातोडी दिसली की डोकं घरी ठेवतोस का रे मुळ्या, तेलात भिजव आधी. सगळ्या गॅरेजने ऐकलं. नोबेदादा हसले. ते उस्तादांकडे बारा वर्षं आहेत, त्यांना हसायचा हक्क आहे.

मला शिव्या आवडत नाहीत. कायम झालो की बंद होतील.

११ नोव्हेंबर, दुपारी
निघाल्या. दोन्ही. भट्टीत गरम करून, पिनेत आटे पाडून, बोल्टने ओढून. काजळी नाकात गेली. उस्तादांनी येऊन बोट फिरवलं, म्हणाले, कडा खरवडल्यास मुळ्या, मांजराने केल्यासारखं केलंस. खूप वेळ बोलत होते. जेवण थंड झालं त्यांचं.

एक प्रश्न आहे. नवी पिन ठोकायच्या आधी नक्की काय बघायचं? उद्या विचारणार. मोठ्या आवाजात.

१२ नोव्हेंबर
उस्ताद फोनवर होते.

१३ नोव्हेंबर
उस्ताद मोकळे होते. मी टॉयलेटला गेलो.

१४ नोव्हेंबर
विचारून शिकणारे कच्चे असतात. इथे बघून शिकायचं असतं, असं उस्तादच म्हणतात. पहिली स्लीव्ह बसली. पिन तीन ठोक्यांत आत. माझा हात चांगला आहे, हे लिहून ठेवतो.

१५ नोव्हेंबर
दुसरीत पिन जरा अडली. चार ठोके जास्त द्यावे लागले.

एक बारीक रेघ आली आहे हाऊसिंगला. केसाएवढी. धातू तीस वर्षं जुना आहे, थकतो. नोबेदादांनी बघितली आणि हळूच विचारलं, स्लीव्हचं भोक हाऊसिंगच्या भोकासमोर आलंय का, ते तारेने तपासलं होतंस का. मी मान हलवली. कुठल्या बाजूला हलवली आठवत नाही.

उस्तादांनी हाऊसिंग उजेडात धरलं. काहीच बोलले नाहीत. शब्दसुद्धा नाही. हात पुसून माझ्यासाठी स्वतःच्या डब्यातला कालवांचा भात काढून ठेवला.

विश्वास बसला की माणूस ओरडत नाही.

१८ नोव्हेंबर
चौथा दिवस, एक शिवी नाही. चुकून तेल सांडलं, उस्तादांनी स्वतः भुसा टाकला. मला नावाने सेंजी म्हणाले. दीड वर्ष मुळ्या, आज सेंजी. एका रात्रीत माणसाची किंमत वाढते.

२१ नोव्हेंबर
ओरिता डॉक्टर आले. या गाडीतून बायकोला सासरी आणलं होतं त्यांनी. ती गेल्या साली वारली. वर्षश्राद्धाला हीच गाडी घेऊन जायची होती. रेघ आलेलं चालत नाही, आणि तसलं हाऊसिंग आता कुठेच मिळत नाही, उस्तादांनी सगळीकडे फोन केले होते.

उस्ताद माफी मागायला कमरेतून वाकले. बराच वेळ वाकलेले. म्हणाले, माझा हात चुकला. डॉक्टर म्हणाले, अहो असं नका करू, उठा. मी मागे कपाटाजवळ होतो. पुढे जाऊन सांगणार होतो. कपाटातले बोल्ट लावत राहिलो.

उद्या सांगणार.

२२ नोव्हेंबर
नोबेदादांना विचारलं, उस्ताद माझ्यावर खूश आहेत ना, ओरडत नाहीत आता. त्यांनी नट मोजता मोजता सांगितलं, तुझ्याआधी एक होता, त्याच्यावरही शेवटचा महिना कुणी ओरडलं नव्हतं.

चांगला कारागीर असणार. सोडून का गेला, ते विचारायचं राहिलं.

२९ नोव्हेंबर
आठवडाभर पेन सापडत नव्हतं.

३० नोव्हेंबर, सकाळी
उस्तादांनी बसायला स्टूल दिलं. मला चहा त्यांनी ओतला. म्हणाले, सेंजी, पंपाच्या कारखान्यात माझा भाचा आहे, सोमवारपासून ये म्हणाला, रविवार सुट्टी असते, बरं काम आहे. चिठ्ठी हातात दिली. अक्षर चांगलं काढलं होतं त्यांनी.

मी हो म्हटलं.

नंतर मी त्यांच्या समोरून जाताना त्यांचा सगळ्यात महागाचा टॉर्क पाना हातातून सोडला. मुद्दाम. फरशीवर केवढा आवाज झाला. मान खाली घालून उभा राहिलो. म्हटलं, आता मुळ्या म्हणतील. गाढव म्हटलं तरी चालेल.

उस्ताद वाकले, पाना उचलला, फडक्याने पुसला, आणि भिंतीवर जागच्या जागी टांगला. म्हणाले, होतं असं कधी कधी.