अक्काच्या मगजाच्या दोन बश्या

कोल्हापूर,
१४ नोव्हेंबर १९९९

चि. तम्मा प्रभुलिंग यास,

शरणु. इकडे कारखाना चालू आहे. परवा दोन इंजिनं शिरोळला रवाना केली. नऊ वर्षांनी माझं अक्षर बघून पत्र फाडू नकोस. आधी वाच, मग फाड.

अक्काताई आजारी आहे. हाडातला मगज रक्त करायचा थांबलाय. दर आठवड्याला दुसऱ्याचं रक्त भरतात. तोंडात फोड आलेत, तरी नर्सला विचारते, "जेवलीस का गं?"

मगज पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवला होता. तिथली दानेश्वरी आपल्या कागलची. तिनं मला काचेच्या दोन बश्या दाखवल्या. एकीत अक्काच्या मूळ पेशी आणि सोबत तिच्याच अंगातल्या, रोगाशी लढणाऱ्या पेशी. काही उगवलं नव्हतं. दुसरीतून लढणाऱ्या काढून टाकलेल्या. तिथं पेशींचे झुबके!

म्हटलं, "म्हंजे बी चांगलं हाय की!"

"व्हय काका. राखणदारच सारखा धोक्याचा इशारा देत बसलाय. त्या इशाऱ्यानं ह्या वाढत न्हाईत."

परत येताना एस्टीत तुझी आठवण झाली. सहा वर्षं माझ्या हाताखाली होतास, पाना उचलून देण्यापुढं गेला नाहीस. मी दिवसभर ओरडायचो. हुबळीत तुझं गॅरेज जोरात आहे म्हणे.

इशारा दाबायचं औषध चार महिने दिलं. लागू पडलं नाही. परवा डॉक्टर दाराबाहेर हळूच म्हणाले, "आणखी एखादा भाऊ असता तर..." मी तिखट कानाचा, तुला माहीत आहे.

आता खरं लिहितो. जुळणाऱ्या भावंडाचा मगज अक्काला देता येतो, म्हणून जूनमध्येच त्यांनी विचारलं होतं, भावंडं किती? मी म्हणालो, "आम्ही दोघंच." तू गेलास तेव्हा उंबऱ्यावर 'मला भाऊ न्हाय' म्हणालो होतो, तेच तोंडात बसलेलं. माझं रक्त तपासलं, जुळलं नाही. अक्का शेजारीच पडून होती. तिनं कूस बदलली.

काल त्यांच्या कागदावर दोन खोडून तीन लिहायला लावलं. डॉक्टर म्हणाले, "पाच महिने गेले हो." मी खाली मान घालून ऐकलं. अक्काला आता ताप आहे. वेळ किती, ते कोणी सांगत नाही.

तुझं रक्त जुळेल न जुळेल. तपासायला ये. मी समोर नको असेन तर फाटकाबाहेर बसतो.

माझा नसलास तरी अक्काचा आहेस.

तिघांतला मधला,
चन्नवीर