नवऱ्याला विचारणार नाही

योगीराजअण्णा,

उद्या सकाळी मी इंदिरानगरच्या हॉस्पिटलमध्ये ॲडमिट होतेय. गर्भाशय काढणार आहेत. बॅग भरून दाराशी ठेवलीय.

काल फोनवर तू म्हणालास, "आधी नवऱ्याला विचार." मला टाकून गेलेल्या माणसाला काय विचारू? अंगावरून इतकं जायचं, की ऑफिसात चक्कर येऊन पडले. तेव्हा तुम्हा दोघांपैकी कोण आलं होतं?

सोबतीला खालच्या मजल्यावरच्या गौरम्मा आहेत. मी विचारायला गेले, तर त्यांच्या कानडीत "सरी, बरतीनी," म्हणत यायला तयार झाल्या आणि लगेच स्वतःची चादर घडी करून माझ्या बॅगेत ठेवली.

हे पत्र पाठवणार नाही. पाठवलं तर तुला वाटेल, मी परवानगी मागतेय.

तुझीच धाकटी,
शिवलीला