अजून एक मावेल

प्रिय बारक्या,

काल संध्याकाळी तू लढाई अर्धवट टाकून निघून गेलास. आपलं सैन्य खिंडीच्या तोंडाशी, शत्रू टेकडीवर, आणि आमचे खजिनदारसाहेब गायब! जाताना पडद्यावर एक ओळ तेवढी टाकलीस. इतक्या वर्षांत तू माझ्याशी भांडलास, फुरंगटून बसलास, मला खडूस म्हणालास, पण डाव टाकून कधी उठला नव्हतास. फोन केला तर तोही उचलत नाहीस. मग म्हटलं, लिहूनच काढावं. पत्र निदान मध्येच कापता येत नाही, आणि वाचताना ओरडलास तरी मला ऐकू येणार नाही.

सुरुवात आपल्या कॉम्प्युटरवरच्या खेळापासूनच करते, कारण तिथे तरी तू मला सेनापती मानतोस. खजिना, तह, व्यापार तुझा, सैन्य माझं. ही वाटणी तूच केलीस. मी नोकरीविना घरात बसून सगळ्यांवर खेकसत होते तेव्हा तू तुझा जुना कॉम्प्युटर माझ्या टेबलावर आणून ठेवलास, जरा डोकं गुंतव म्हणून. मला ओ की ठो कळत नव्हतं. सरदाराच्या चेहऱ्याखाली एक आकडा असतो, तो किती तुकड्या सांभाळू शकतो याचा, हे तूच मला दाखवलंस. आणि दाखवून झाल्यावर स्वतः मात्र तो एकदाही पाळला नाहीस, मेल्या!

पांढऱ्या मिशीवाल्या सरदाराचं काय केलंस ते आठव. आपण त्याला आजोबा म्हणायचो. आजोबांची मर्यादा आठ तुकड्यांची. नदीकाठी एक घोडदळ एकटंच उभं होतं, तुला त्याचा पुळका आला आणि तू ते आजोबांच्या गळ्यात बांधलंस. अजून एक मावेल गं ताई, हे तुझं ठरलेलं वाक्य. आकडा लाल झाला. मी बोंबलत होते, तू हसत होतास. फटका त्या नवव्या तुकडीलाच बसला असता तर मी मूग गिळून बसले असते. पण हा खेळ तसा नाही. मर्यादा ओलांडली की सगळ्याच तुकड्या ढेपाळतात. हुकूम उशिरा पोचतो, रसद पुरत नाही, डावीकडचे पळत सुटले तरी आजोबा आपले उजवीकडेच बघत उभे. चांगल्या मुरलेल्या आठ तुकड्या तुझ्या दयाळूपणापायी मातीत गेल्या. का, तर दुसरा सरदार नेमायला तुझा हात सुटत नव्हता. तेव्हापासून सैन्याला मी तुला हात लावू दिलेला नाही.

आता माझ्या तलावाविषयी. तुला तिथलं सगळं कळतं, पण मॅनेजरच्या तोंडून. तो तुझा मित्र, पोहायला शिकवायची ही नोकरी मला तुझ्या शब्दावर मिळाली, आणि ते मी विसरलेले नाही. पण आता माझ्याही तोंडून ऐक. उथळ बाजूला माझी मुलं असतात. कानांवर रबरी टोप्या, ओठ थंडीने निळे, आणि सगळ्यांची तोंडं एकाच वेळी सुरू. एका शिक्षकामागे आठ मुलं, असं तिथल्या भिंतीवर हे एवढ्या मोठ्या अक्षरांत रंगवलंय. शिकवताना माझं सारखं मोजणं चालू असतं. टोप्या मोजते. एखादी पाण्याखाली गेली की मोजणं थांबतं, ती वर आली की पुन्हा पहिल्यापासून. आठ टोप्या माझ्या एका नजरेत बसतात. नवव्या टोपीसाठी मान वळवावी लागते, आणि मान वळली की पहिली दिसत नाही. बुडणारं मूल हाका मारत नाही रे. गुपचूप खाली जातं.

यंदा गर्दी वाढली. दुसरी शिक्षिका घ्यायची सोडून मॅनेजरने माझ्याच तुकडीत भर घालायचं ठरवलं. मी सवयीने बोलून गेले, की असं केलंत तर आकडा लाल होईल. त्याला वाटलं मी पाणी तपासायच्या यंत्रावरचा आकडा म्हणतेय, पाण्यात क्लोरीन जास्त पडलं! पंपवाल्याला धावत बोलावून पाणी तपासायला लावलं. मला हसू आवरेना, आणि ते हसणंच त्याला झोंबलं. मग त्याने सरळ सांगितलं, सोमवारपासून नऊ घ्यायची, नाहीतर शिट्टी टेबलावर ठेवून घरी जायचं. मी बाहेर आले आणि बाकांवर बसलेल्या आयाबापांना मोठ्याने सांगितलं, की आपलं पोर कितवं आहे ते विचारल्याशिवाय त्याला पाण्यात सोडू नका. नोकरीवर पाणी सोडायची वेळ आली तर सोडीन. माझ्या डोक्यावर मिरे वाटायला मी कुणालाही देणार नाही, तुझ्या मित्रालाही नाही.

आणि आता ते, ज्यासाठी हे सगळं लिहिलं. सोमवारची वाट न बघता काल सकाळीच त्याने नववं मूल म्हणून तुझ्या लेकीला पाठवलं. नवी कोरी पिवळी टोपी घालून, आत्या आत्या करत ती धावत आली. मॅनेजरला वाटलं, घरच्या पोरीला ही नाही म्हणणार नाही, आणि एकदा नववी आत आली की दहावीलाही दार उघडं. मी तिला पाण्यात उतरू दिलं नाही. कपडे बदलून घरी जायला सांगितलं. सगळ्यांदेखत रडली रे ती, आणि मला ते दिसत होतं. सख्ख्या भाचीला जिच्याकडे जागा नाही ती कसली आत्या, असं तू लिहिलंस. अरे, भाची आहे म्हणूनच! ती पाण्यात असती तर माझी नजर तिच्यावरून हलली नसती, आणि बाकीच्या आठांकडे बघायला त्या तासाला कुणीच उरलं नसतं. त्यांचेही बाप घरी वाट बघत असतात. तुला रागवायचं तर खुशाल रागव. सोमवारी शिट्टी काढून घेतली तरी मी तलावाच्या दारात उभी राहणार आहे, आठ मुलं आत सोडणार आहे, आणि तू स्वतः लेकीचा हात धरून समोर आलास तरी तुम्हा दोघांना परत पाठवणार आहे.

तुझीच, रागावलास तरी तुझीच,
ताई