राखेतल्या ब्याऐंशी बिया

हट्टा, ११ जानेवारी २००४

प्रिय मिना,

तुझं शेवटचं पत्र २८ ऑक्टोबरचं. त्याला आज पंचाहत्तर दिवस झाले. तुझी आई रोज पोस्टमनला अडवते. मी विचारत नाही. पण सायकलची घंटा वाजली की माझं खुरपं थांबतं.

दोन ऑक्टोबरला तू मला हैदराबादचं तुझं काचघर दाखवलंस. मला पांढरा डगला चढवलास आणि मैत्रिणींना म्हणालीस, आमचे अण्णा सातवी शिकलेत, पण कलमं शास्त्रज्ञासारखी बांधतात. मी म्हटलं, सारखी काहून? बराबर बांधतो. सगळ्या हसल्या. त्या दिवसाएवढी माझी छाती कधी फुगली नव्हती.

टमाटे दिसायला आपल्यासारखेच होते. काविळीच्या विषाणूचा एक निरुपद्रवी अंश झाडच तयार करतं, पुढं त्यातून लस होईल, असं तू समजावलंस. किती वर्षं, मी विचारलं. दहा तरी, तू म्हणालीस; फळात किती उतरतं याचा भरवसा नाही, म्हणून अजून कुणाला खायला द्यायचं नाही. मी मान हलवली खरी. पण माझ्यासमोर तुझा धाकटा भाऊ, आपला भागवत उभा होता. नऊ वर्षांचं लेकरू, डोळे हळदीसारखे. त्याला नांदेडला नेण्याआधी मी नऊ दिवस गळ्यात घालायच्या काविळीच्या माळेच्या भरवशावर घालवले. माळ मीच बांधली होती, गाठ मोजून. तू तेव्हा नववीत होतीस. तू हे शिक्षण काहून घेतलंस, ते मी कधी विचारलं नाही. मला माहीत होतं.

मग तुझं ते पत्र आलं. मोजणीत एक फळ कमी भरलं, साहेबांनी तुला काचघरात यायची बंदी केली. तू एवढंच विचारलंस, अण्णा, तुमी तर नेलं न्हाई ना? मी कार्डावर एक ओळ लिहिली : शेषराव कुणाच्या फळाला हात लावत नसतो.

मिना, फळ मीच आणलं. धोतराच्या सोग्यात. मागून आणलेल्यापेक्षा गुपचूप आणलेलं बी चांगलं लागतं, असं आपल्याकडं सगळेच मानतात. मीही गुलाबाच्या काड्या, शेवग्याच्या फांद्या अशाच आणल्यात. त्याला मी चोरी समजत नव्हतो. घरी आल्यावर बिया राखेत घोळल्या, भिंतीवर वाळवल्या. न्हाणीमागं लावलेली रोपं कुठली, ते तुझ्या आईलाही सांगितलं नाही. गावातला दुसरा एखादा भागवत तरी वाचेल, असं डोक्यात होतं.

परवा पहिलं फळ पिकलं. आपल्या रीतीप्रमाणं तुझ्या आईनं ते भागवतच्या फोटोपुढं ठेवलं. ज्याच्यासाठी आणलं, त्याच्याचपुढं ते होतं, दहा वर्षं उशिरा. नंतर प्रसाद म्हणून ती त्याची फोड तोंडात घालणार, तोच मी हात धरला. ती म्हणाली, काहून? मग सगळं सांगावं लागलं. तिनं फोड फोटोपुढं परत ठेवली. मग म्हणाली, "लेकीला चोर ठरवलं, आन् तुमी ताठ बसून राहिले? तुमचा शब्द लई मोठा, व्हय?" मी उठलो आणि कुदळ घेतली.

म्हणून हे पत्र. सोबतचा दुसरा कागद तुझ्या साहेबांसाठी आहे; माझी सही आहे, साक्षीला तुझ्या आईचा अंगठा. तो दाखव. बाप चोर आहे असं त्यांच्यासमोर सांगायला लाजू नकोस. फळात चौऱ्याण्णव बिया होत्या. बारा लावल्या, नऊ उगवल्या. ती नऊ झाडं, एकतीस हिरवी फळं आणि फोटोपुढचं ते एक, सगळं मुळासकट जाळलं. न उगवलेल्या तीन बियांसाठी तिथली वीतभर माती भाजली आणि सगळं चुन्यासह तीन फूट खाली पुरलं. उरलेल्या ब्याऐंशी राखेसकट पाकिटात शिवून पाठवतोय. मोजून घे. तू ये, असं म्हणायचा हक्क मला उरला नाही. पण भागवतपुढं या वर्षीचं पहिलं फळ ठेवायचं राहिलंय. आपल्या साध्या टमाट्याला काल फूल आलं. आई म्हणते, मिना आल्याबिगर ठेवायचं न्हाई.

तुझाच,
अण्णा