दुसऱ्या ओळीतले उंदीर

१४ मार्च १९७८, चार्ल्सटन
प्रयोगशाळेत पिंजऱ्यांच्या पहिल्या ओळीतली म्हातारी उंदरीण आज खायला उठली. तिच्या शेजारणीचे डोळे चिकटलेत, पण श्वास बरा. शेवटचे तिघे ठणठणीत. दुसरी ओळ सगळी खुशाल. आणि माझा भाचा डेल्बर्ट? रेझिनच्या, म्हणजे त्या चिकट राळेच्या, कारखान्यात पिंपं भरून भरून हात सोलले पोराचे. त्याची विचारपूस तिथे कोणी करत नाही!

तेच रेझिन मी आठवड्यातून तीनदा पहिल्या ओळीच्या पाठीवर कुंचल्याने लावते. दुसऱ्या ओळीला नुसतं ते पातळ करायचं द्रावक. पहिल्यांना कॅन्सर झाला नि दुसऱ्यांना नाही, तर कारखान्याला रेझिन बदलावं लागेल.

२ मे
पहिल्या ओळीत नऊ गाठी. एकेक चाचपून वहीत मांडली.

१९ मे
दुसऱ्या ओळीतही सहा! कसं शक्य आहे?

३० मे
आमचे प्रयोगप्रमुख डॉ. प्रेंटिस खुशीत. "ओपलबाई, दोन्हीकडे गाठी. म्हणजे रेझिन निर्दोष!" कारखान्याच्या साहेबाने भाजलेलं हॅम पाठवलंय. मी शिवले नाही.

संध्याकाळी डेल्बर्ट जेवायला. "मावशी, तुझ्या उंदरांनी साहेबाला सर्टिफिकेट दिलं की! म्हणतो, खाजवणं पुरे, कामाला लागा." हसत होता. पावाला लोणी मात्र मीच लावून दिलं – सुरी धरवत नव्हती त्याला.

विकली गेलीत ही प्रयोगशाळेतली माणसं. सगळी!

६ जून
दुसऱ्या ओळीचा पिंजरा धुताना कापसाचं घरटं बोटांना चिकटलं. पिवळं, चिवट. नाकाशी धरलं – रेझिन!

मीच! जानेवारीत हीटर बंद पडला होता. भादरलेल्या पाठी घेऊन बिचारे कुडकुडत होते. पहिल्या ओळीत जे मेले, त्यांची कुरतडून मऊ केलेली घरटी मी यांना दिली. ऊबदार आहेत, टाकायची कशाला, म्हणून. रेझिनने माखलेली!

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी उठून दार लावून घेतलं.
"कोणाला बोललात?"
"नाही."
"मग बोलूही नका. दोन वर्षांचं काम आहे. शिवाय तुमची नोकरी जाईल."
"आणि डेल्बर्टचे हात?"
"कोण डेल्बर्ट?"

७ जून
वॉशिंग्टनच्या आरोग्य खात्याला पत्र टाकलं. "चूक माझ्या हातून झाली. निकाल ग्राह्य धरू नका. खाली माझं पूर्ण नाव आहे. प्रयोग संपला म्हणून उंदीर एकवीस तारखेला मारून जाळणार आहेत, मग पुरावा उरणार नाही. त्याआधी उत्तर पाठवा."